शाली खूप झाल्या, ताई

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्याकडे घरटी नसला, तरी गल्लीत एखादा तरी माणूस फौजेत आहे किंवा पेन्शनीवर आलेला आहे. दरवर्षी १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर आम्ही माजी सैनिकांचा शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देऊन सत्कार करतो. यंदा प्रमुख पाहुण्यांना उशीर झाल्यामुळे कार्यक्रम थोडा लांबला. एका ज्येष्ठ हवालदारांचे नाव पुकारले, तेव्हा ते जागेवरूनच हात जोडून म्हणाले, "शाली खूप झाल्या, ताई. दुसऱ्या कुणाला तरी द्या," आणि उठून घरी गेले. तरुण मंडळाच्या मुलांना हा गावाचा अपमान वाटतो. पुढच्या वर्षी त्यांना बोलवायचेच नाही, असेही काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही, पण त्यांचे मन कशाने दुखावले हेही कळत नाही. आम्ही मनापासून करतो, तरी ते त्यांना वरवरचे का वाटावे? आणि ही कृतज्ञता वर्षभर दाखवायची, तर नेमके काय करायचे?

उत्तर : ताई, त्या हवालदारांनी तुमचा अपमान केलेला नाही, हे आधी मंडळाच्या मुलांना समजावून सांगा. ज्यांचे उमेदीचे आयुष्य वरिष्ठांसमोर सावधान उभे राहण्यात गेले, ते भर कार्यक्रमातून उठून जातात, तेव्हा ते एका क्षणाच्या रागाचे काम नसते. बरीच वर्षे मनात साठलेले काहीतरी त्या दिवशी बाहेर पडलेले असते. शिवाय त्यांनी शाल भिरकावली नाही, भाषण ठोकले नाही, कुणाला नावे ठेवली नाहीत. नकार याहून सभ्यपणे देता येत नाही.

पाहुण्यांना उशीर झाल्यामुळे कार्यक्रम लांबला, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. मला मात्र तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच दिसते. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. त्याने पहाटे उठून दाढी करायची, कपाटातला कोट काढून त्यावर पदके लावायची, झेंड्यासमोर वेळेआधी हजर राहायचे, नंतर मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताटकळत बसायचे आणि शेवटी ज्यांना त्याचे नाव कागदावर पाहून वाचावे लागते, अशा पाहुण्यांच्या हातून, तोंड कॅमेऱ्याकडे ठेवून, शाल घ्यायची. दुसऱ्या दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर पाहुण्यांचा चेहरा हातभर आणि सत्कारमूर्ती बोटभर. यात नेमका सत्कार कोणाचा झाला, असा प्रश्न त्या माणसाला पडला, तर दोष त्याचा नाही. तुमचा भाव खोटा आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु ज्या सन्मानासाठी सैनिकालाच आपल्याकडे यावे लागते, थांबावे लागते आणि आपण सांगू तिथे उभे राहावे लागते, तो सन्मान बहुतांशी आपल्या समाधानासाठी असतो. तुम्हाला वर्षभराचे काही करायचे असेल, तर ही दिशा उलटी करा : आपण त्यांच्या दारी जायचे, त्यांना सोयीच्या वेळी जायचे आणि त्यांच्या मागची एखादी कटकट कमी करून यायचे.

सुरुवात त्या हवालदारांपासूनच करा. मंडळाला बरोबर नेऊ नका, मोबाइलवर फोटो काढू नका आणि नारळही नेऊ नका. एखाद्या संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन सहज जा आणि कार्यक्रमात त्यांना तिष्ठत ठेवल्याबद्दल सरळ क्षमा मागा. "तुम्ही नाराज का झालात?" असे विचारले, तर ते "तसं काही नाही, ताई" म्हणतील आणि विषय संपेल. त्याऐवजी पेन्शन वेळेवर जमा होते का, औषधे कुठून आणता, काकूंची नावे सगळ्या कागदांवर बरोबर आहेत का, असे विचारा. मला अंदाज करू दिलात, तर या तीन प्रश्नांपैकी निदान एकाने तरी ते उठून आतून प्लॅस्टिकची पिशवी आणतील.

आपल्या भागात ही चौकशी मागे पडते, याचे एक चमत्कारिक कारण म्हणजे इथे सैनिकांचा तुटवडा नाही. अपशिंगे गावाला तर सगळे जण अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली, आणि तिचे माजी विद्यार्थी, पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. हा अभिमान आपण उठताबसता सांगतो. पण अभिमान जिल्ह्याचा असतो आणि अडचण एकेका माणसाची असते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले पेठचे मुरलीकांत पेटकर घ्या. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी जलतरणात सुवर्णपदक मिळवले, आणि पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. मधल्या काळात त्यांच्या वयाची माणसे आजोबा, पणजोबा झाली. देशाला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्याची ही कथा, तर लेहच्या रस्त्यावर रसदीचा ट्रक चालवून घरी परतलेल्या तुमच्या गावच्या ड्रायव्हरची दखल कोण घेणार?

हा ड्रायव्हर महत्त्वाचा आहे. सत्काराची यादी करताना आपण नकळत ‘लढलेले’ आणि ‘न लढलेले’ अशी प्रतवारी करतो. स्वयंपाकी, लिपिक, नर्सिंग असिस्टंट, सिग्नलवाला यांची नावे मागच्या रांगेत जातात. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेल्यांची तर अनेक गावांत नोंदही नसते, कारण त्या मोहिमेचा विजय दिवस नाही. तिथे आपले हजाराहून अधिक जवान मृत्युमुखी पडले, तरीही नाही. तुमच्या ग्रामपंचायतीने एक नोंदवही करावी आणि तीत गावातला प्रत्येक माजी सैनिक, प्रत्येक सैनिकाची विधवा आणि सध्या नोकरीत असलेल्या प्रत्येक जवानाचे घर नोंदवावे. हुद्दा, पलटण, निवृत्तीचे वर्ष आणि घरात सध्या कोण असते, एवढे पुरे. पराक्रमाचा रकाना ठेवू नका.

आता त्या प्लॅस्टिकच्या पिशवीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी निकड तिथे आहे. त्या पिशवीत डिस्चार्ज बुक असते, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ असतो, बँकेचे पासबुक असते आणि घडी झिजून चार तुकडे झालेला एखादा दाखला असतो. भरतीच्या वेळी लिपिकाने ऐकून लिहिलेले नाव एक, आधार कार्डावरचे दुसरे. पत्नीचे नाव फौजेच्या नोंदीत ‘सुमन’ आणि बँकेत ‘सुमनबाई’. जन्मतारीख कुठे आहे, तर कुठे नुसतेच वर्ष. पेन्शन सुरू असेपर्यंत याने काही अडत नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. हवालदार गेल्यावर मात्र त्यांच्या पत्नीला कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी सिद्ध करावे लागते की ती सुमन आणि ही सुमनबाई एकच. हीच दुरुस्ती पती हयात असताना, त्याच्या सहीने, कितीतरी सोपी असते. त्यासाठी अर्ज त्याच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे जातो : मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. अर्ज कसा करायचा, सोबत काय जोडायचे, हे साताऱ्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सांगते. तुमच्या मंडळात संगणक येणारी चार मुले असतील, तर त्यांनी एका हिवाळ्यात गावातली सगळी नावे जुळवून पाहावीत. यात टाळ्या नाहीत, पण कुणा बाईची पेन्शन महिनोन्‌महिने अडकून पडणार नाही.

त्यातच आता पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर आली आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पेन्शन थांबते. चेहरा दाखवून मोबाइलवर दाखला देण्याची सोय उत्तम आहे, पण ज्यांचा मोबाइल बटणांचा आहे किंवा ज्यांचा आधारला जोडलेला क्रमांक पुण्यातल्या मुलाकडे आहे, त्यांच्यासाठी ती सोय म्हणजे नवीच डोकेदुखी होऊन बसते. वर्षातून एकदा, ग्रामपंचायतीच्या संगणकावर, आधी दवंडी देऊन हे काम उरकता येते. एक दक्षता मात्र घ्या : कुणाचाही ओटीपी किंवा पासवर्ड मंडळाच्या वहीत लिहून ठेवू नका, आणि ते मुलांना दोनदा बजावा. माजी सैनिकांची फंड आणि पेन्शनची रक्कम हेरून फसवणारे फोन करणारे कमी नाहीत.

औषधांचेही तसेच. २००३ मध्ये सुरू झालेल्या ईसीएचएस योजनेत निवृत्त सैनिक आणि त्याच्या पत्नीला उपचार मिळतात, पण त्यासाठी सहसा योजनेच्या दवाखान्यात, म्हणजे पॉलिक्लिनिकला, जावे लागते, तिथून चिठ्ठी घेऊन ठरलेल्या रुग्णालयात जावे लागते, आणि तातडीच्या वेळी थेट रुग्णालयात दाखल केले, तर लगेच पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. रात्री दोनला छातीत कळ आली, तर शेजाऱ्यांना हे ठाऊक असते का? माण-खटावच्या किंवा जतच्या टोकाच्या गावातल्या सत्तरीच्या माणसाला महिन्याच्या गोळ्यांसाठी एसटीने अख्खा दिवस घालवावा लागतो. कुणाची गाडी साताऱ्याला रिकामी जात असेल, तर आदल्या दिवशी त्यांना फोन करणे ही कृतज्ञताच आहे, मग तिला कोणी तसे म्हणो वा न म्हणो.

आता जरा अवघड विषय. आपल्याकडचा साधा शिपाई पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर येतो, तेव्हा मुले शाळेत असतात, आई-वडील थकलेले असतात आणि शेताकडे गेला, तर बांध सरकलेला असतो. मधल्या पंधरा-सतरा वर्षांत वर्षाकाठी टीचभर बांध कोरत कोरत कुणाच्या तरी आल्याच्या पिकाचा गादीवाफा त्याच्या रानात आलेला असतो, आणि तो कुणीतरी बहुतेक भावकीतलाच असतो. १५ ऑगस्टला ‘जय जवान’च्या घोषणा देणाऱ्यांत तोही असतो. गावाच्या कृतज्ञतेची परीक्षा इथे होते. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी मागवताना पंच म्हणून उभे राहणे, "जाऊ दे मेजर, आपलीच माणसं आहेत," असे सांगून त्यालाच समजूत घ्यायला न लावणे, आणि जवान सीमेवर असताना त्याच्या बायकोला पाण्याच्या पाळीसाठी कुणी अडवत असेल, तर ग्रामपंचायत सदस्य म्हणून तुम्ही स्वतः तिथे जाणे, याला धैर्य लागते. शाल द्यायला लागत नाही. तुमच्यावर भावकीचा रोष येईल, हे मला कळते. तरीही मी तुम्हाला हेच करायला सांगेन.

पुरुषांविषयी बरेच लिहिले, आता काकूंविषयी. नवरा फौजेत असताना जिने सासू-सासऱ्यांचे आजारपण, मुलांच्या परीक्षा आणि रानातली कामे एकटीने ओढली, तिला सत्काराच्या दिवशी आपण फार तर पतीच्या शेजारी बसवतो. आणि तो गेल्यावर? वीरपत्नी म्हणून व्यासपीठावर बोलावलेल्या बाईला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वगळणारी गावे आजही आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले. तुम्ही स्त्री आहात, सदस्य आहात; हे काम तुमच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही. योगायोग असा की माजी सैनिक दिन १४ जानेवारीला असतो, कारण फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये त्याच दिवशी निवृत्त झाले, आणि बहुतेक वर्षी संक्रांतही त्याच दिवशी येते. त्या दिवशी व्यासपीठ बांधू नका. तिळगूळ घेऊन त्या नोंदवहीतल्या प्रत्येक घरी जा आणि सैनिकांच्या विधवांना रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण हातोहात द्या.

मंडळाच्या मुलांसाठी थोडे बोलण्याविषयी. "किती जणांना मारलं?" हा प्रश्न कोणत्याही फौजीला कधीही विचारू नये, ज्याने काही पाहिले आहे, तो त्याचे उत्तर चहाच्या टपरीवर देणार नाही, आणि ज्याने पाहिलेले नाही, त्याला उगाच ओशाळवाणे वाटेल. "मेजर, कॅन्टीनचा कोटा शिल्लक आहे का?" हा दुसरा प्रश्नही जरा आवरावा. (वर्षभर शेजाऱ्याची आठवण केवळ रमच्या बाटलीसाठी काढणाऱ्यांनी २६ जानेवारीला डोळ्यांत पाणी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.) त्यांना हुद्द्याने हाक मारणे अनेकांना आवडते, हवालदार असतील तर हवालदारसाहेब म्हणावे, सुभेदार असतील तर सुभेदारसाहेब. कुणी फारसे बोलत नसेल, लोकांत मिसळत नसेल, फटाक्यांनी दचकत असेल किंवा पिण्यात बुडाला असेल, तर त्याच्यावर गावभर चर्चा करू नका. घरच्यांना विश्वासात घेऊन टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक द्या आणि अधूनमधून, कोणतेही काम न काढता, त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना पहाटे पळवण्याचे काम माजी सैनिकांवर फुकट टाकण्याची पद्धतही मला पटत नाही. ज्याला आवड आहे, त्याला जरूर विचारा, पण मानधन द्या.

ग्रामपंचायतीच्या हातात असलेली एक गोष्ट मात्र लगेच पाहा. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका घराची घरपट्टी माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो, आणि पुष्कळांना हे ठाऊक नसल्याने ते मुकाट्याने घरपट्टी भरत राहतात. करवसुलीत घट येईल म्हणून ग्रामपंचायती हा विषय स्वतःहून काढत नाहीत, हेही खरे आहे. तुम्ही काढा. ग्रामसेवकांकडून चालू वर्षाची यादी मागवा, तिच्याशी तुमची नोंदवही ताडून पाहा आणि ज्यांनी अर्ज केलेले नाहीत, त्यांचे अर्ज त्यांच्या घरी जाऊन भरून घ्या.

मग १५ ऑगस्टचा सत्कार बंद करावा का? नको. लोकांना एकत्र येऊन काही करावेसे वाटते, ते चांगलेच आहे. फक्त कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू करा, पाहुणे आले नाहीत तरी. सैनिकांना सावलीत बसवा. आणि सरपंचांची तयारी असेल, तर एखाद्या वर्षी ध्वजारोहणाचा मान गावातल्या सर्वांत वयोवृद्ध माजी सैनिकाला किंवा एखाद्या सैनिकाच्या विधवेला द्या. शाली आणि सन्मानचिन्हांचा खर्च वाचेल, तो ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीत पावती घेऊन जमा करा. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणाची कामे त्यातून चालतात. ज्यांना शाल हवी आहे, त्यांना ती अवश्य द्या. पहिल्यांदाच सत्कार होणाऱ्या माणसाला तिचे अप्रूप असते, आणि ते आपण हिरावून घेऊ नये.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्या गावात लवकरच येणार आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतून भरती झालेली मुले चार वर्षांनी परततील. त्यांच्यातले फार तर चौथा हिस्सा पुढे नोकरीत राहतील. बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतील, पेन्शन मिळणार नाही. बावीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, अंगात शिस्त, हातात रक्कम आणि पुढे काय हे ठाऊक नाही, अशा वेळी त्याच्याभोवती ट्रॅक्टर विकणारे, प्लॉट विकणारे आणि दामदुप्पट करून देणारे सगळे जमा होतील. त्याला सत्काराचा उपयोग नाही. त्याला पुढच्या शिक्षणाची, पोलीस भरतीची, जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या नोकरीची माहिती हवी, आणि पैसे कुठे गुंतवू नकोस हे सांगणारा एखादा पेन्शनर हवालदार हवा. तुमच्या नोंदवहीत या मुलांसाठी वेगळे पान ठेवा, आणि कोण केव्हा परतणार आहे, हे त्यांच्या घरी आत्ताच विचारून त्यावर लिहून ठेवा.